गुणफलकाच्या आतला माणूस

आमच्या रेवन्साइक गावात नवा माणूस आला की त्याला दोन प्रश्न विचारतात. चहात दूध आधी की नंतर, आणि छप्पन्न की चौऱ्याऐंशी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर लोक नुसते हसतात. दुसऱ्याचं चुकलं तर खाटीक हाडं जास्त घालतो.

छप्पन्न म्हणजे एकोणीसशे छप्पन्न सालचा जेबेझ थ्यूलिसचा संघ. तेरा माणसं, त्यातली नऊ गिरणीतली आणि चार खाणीतली. शनिवारी बारापर्यंत पाळी करायची आणि तीनला मैदानावर उतरायचं. तेव्हाची रग्बी लीग वेगळी होती. बॉल हातातून सुटेपर्यंत तुमचाच, कितीही वेळा पाडलं तरी उठा आणि पुन्हा खेळा. जेबेझच्या संघाने एकदा अकरा मिनिटं बॉल समोरच्यांना दाखवलासुद्धा नाही, जसा आमच्याकडचा सासरा जावयाला पाकीट दाखवत नाही. बदली खेळाडू नव्हता. एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तर हात सदऱ्यात खोचून पठ्ठ्या उरलेली चाळीस मिनिटं खेळला आणि सोमवारी कामावर गेला. त्या वर्षी चषकही आमचा आणि लीगही आमची. डोंगरापलीकडचे लँकेशरवाले इथे येऊन मान खाली घालून परत जायचे, आणि ते दृश्य ज्याने पाहिलं त्याला स्वर्गात जायची फारशी घाई उरली नाही.

चौऱ्याऐंशी म्हणजे दुसरं युग. सहा वेळा पाडलं की बॉल द्यायचा, त्यामुळे जे काय करायचं ते झटपट. व्यायामशाळेत घडवलेली पोरं, करारावर आणलेले दोन ऑस्ट्रेलियन, आणि डाव्या कडेला ग्लेन हेग. घरच्या मैदानावर एकही सामना हरले नाहीत. चषक आणि लीग पुन्हा आमची.

आता तुम्ही म्हणाल, अठ्ठावीस वर्षांचं अंतर असलेले दोन संघ लावायचे कसे? हे म्हणजे आजोबा आणि नातवाची कुस्ती, आणि तीही आजोबांना कबरीतून उठवून. पण आम्ही लावायचो. दर जूनमधल्या पहिल्या रविवारी, दुपारी बारा वाजता, आमच्या क्लबच्या स्नूकरच्या टेबलावर. बिअरच्या ग्लासाखालच्या सव्वीस चकत्या. तेरा तांबड्या, तेरा पांढऱ्या. पहिला अर्धा भाग जुन्या नियमांनी, दुसरा नव्या नियमांनी. अर्धा क्लब टेबलाच्या या बाजूला, अर्धा त्या बाजूला, आणि प्रत्येक चाल दोन्ही बाजूंनी मान्य केल्याशिवाय चकती हलत नाही. एकदा एका स्क्रमवर, म्हणजे बॉलसाठी डोकी भिडवून केलेल्या रेटारेटीवर, सव्वा तास वाद झाला. मी बारमागे तीस वर्षं काढली, म्हणून सांगतो, या एका दुपारी जेवढी बिअर खपायची तेवढी नाताळात खपली नाही.

वाद मिटेना, की सगळे एका माणसाकडे वळायचे. अर्विन हेगकडे.

अर्विनने चोपन्न ते नव्वद, अशी छत्तीस वर्षं आमच्या मैदानाचा गुणफलक सांभाळला. मैदानाच्या ईशान्य कोपऱ्यात लाकडी खांबांवर उभी केलेली ती मोठी काळी पेटी, वर चढायला शिडी. आत बसून अर्विन पत्र्याचे आकडे खाचेत सरकवायचा. क्लबातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनीही दोन्ही संघ पाहिले होते, नाही असं नाही. पण कुणी खांबामागून, कुणी पिऊन, कुणी मेव्हण्याशी भांडता भांडता. अर्विन एकटाच असा, की ज्याने प्रत्येक सामना उंचावरून, शुद्धीत आणि शेजारी कुणाची बडबड नसताना पाहिलेला. त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा.

"अर्विन, जेबेझने तिथे गाठलं असतं का?"

अर्विन ग्लास खाली ठेवायचा. डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "बाहेरच्या बाजूने जेबेझला चुकवून कधी कुणी गेलं नाही. एकदाही नाही." संपलं. चकती मागे.

किंवा, "ग्लेन डाव्या पायावरून आत वळायचा ना, तेव्हा समोरच्याची सावलीसुद्धा चुकीच्या बाजूला पडायची." चकती पुढे.

आणि गंमत अशी, की वीस वर्षांत एकदाही निकाल लागला नाही. शेवटच्या पाच मिनिटांत अर्विन असं काही आठवायचा की बरोबरी व्हायची. लोकांना वाटायचं, केवढा न्यायी माणूस. न्याय बिय काही नाही हो. जेबेझ थ्यूलिस हा त्याचा सासरा आणि ग्लेन हेग त्याचा मुलगा. छप्पन्न जिंकलं तर पोरगा गेला आणि चौऱ्याऐंशी जिंकलं तर बायको. अडकित्त्यातल्या सुपारीला न्याय सुचत नाही, नुसतं न कातरलं जाणं सुचतं.

एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. सासरा आणि पोरगा यांच्यात कोण अडकत नाही?

खरी गोष्ट ही, की अर्विनने त्या छत्तीस वर्षांत एकही सामना पाहिला नव्हता.

पेटीला आधी एक फट होती. अर्विनच्या आधी जो होता, त्याच्या तोंडावर त्या फटीतून एकदा बॉल आला आणि पुढचे चार दात घेऊन गेला. कमिटीने फट आतून फळ्यांनी बंद केली, आणि बाहेरून काळा रंग असा मारला की खालून पाहणाऱ्याला ती उघडीच वाटावी. गुण कळायचे ते तारेने. मैदानाच्या कडेला बसलेला वेळाधिकारी तार ओढायचा, की आत घंटी वाजायची. आमच्यासाठी बारीक घंटी, पाहुण्यांसाठी जाड. एक टोला म्हणजे ट्राय, बॉल रेषेपलीकडे टेकवला; दोन म्हणजे गोल, त्यानंतर लाथेने खांबांमधून मारलेला. वर पोरं चढून पत्रे पळवायची म्हणून दाराला कडी बाहेरून. फाटकावरचा माणूस सामना सुरू होताना ती लावायचा, मध्यंतराला उघडायचा, पुन्हा लावायचा. आत एक स्टूल, एक कंदील, घंट्या आणि आकडे. बाहेर दहा हजार माणसं बोंबलताहेत आणि हा आत फळीकडे तोंड करून बसलाय.

मग खोटं सुरू कसं झालं? प्रेमाने. सगळी मोठी खोटी तशीच सुरू होतात. छप्पन्न साली चषकाच्या सामन्यात जेबेझने शेवटच्या मिनिटाला ट्राय केला. सामना संपला, कडी निघाली, अर्विन शिडी उतरून खाली आला तर समोर प्रत्यक्ष जेबेझ, चिखलाने माखलेला, नाकातून रक्त. "काय रे पोरा, वरून पाहिलास ना?" अर्विन बावीस वर्षांचा. जेबेझची मुलगी मेव्हिस मध्यंतराला त्याच्यासाठी चहाचा थर्मास आणि मटण भरलेली गरम पेस्ट्री घेऊन शिडी चढायची, आणि मध्यंतर दहा मिनिटांचं असूनही तिला उतरायला अकरा लागायची. अशा पोराने काय म्हणायचं? "पाहिला, मिस्टर थ्यूलिस. असा ट्राय मी जन्मात पाहिला नाही." वाक्य तसं अक्षरशः खरं होतं.

जेबेझने खांद्यावर हात टाकून त्याला क्लबात नेलं आणि म्हणाला, "सांग यांना." अर्विनने सांगितलं. आवाजावरून, घंटीवरून, लोकांच्या बोलण्यावरून जुळवून असं काही सांगितलं की खुद्द जेबेझला आपण काय केलं ते त्या दिवशी कळलं. पुढच्या वर्षी लग्न झालं.

म्हणजे मेव्हिसला माहीत होतं. पेटीत फट नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? फट असती तर ती अकरा मिनिटं थांबली नसती. आणि त्या माहितीचा तिने सत्तेचाळीस वर्षं पुरवून पुरवून वापर केला. अर्विनला स्कारबरोला मेहुणीकडे जायचं नाही.

"सांगू का?"

अर्विनला बागेत कांद्यांऐवजी गुलाब लावायचेत.

"सांगू का?"

एवढे दोनच शब्द. अर्विन गप्प कुदळ उचलायचा. आमच्या गावात अर्विन म्हणजे शांत, समजूतदार, बायकोचं ऐकणारा नवरा म्हणून ओळखला जायचा. कडी बाहेरून लावलेला माणूस शांतच दिसतो.

आणि ग्लेन. आता हसणं जरा बाजूला ठेवून सांगतो.

पंच्याऐंशीचा ईस्टरचा सोमवार, चौऱ्याऐंशीच्याच मोसमातला घरचा शेवटचा सामना. ग्लेन डाव्या कडेने सुटला, ईशान्य कोपऱ्यात झेपावला, ट्राय झाला आणि गुडघा गेला. गुणफलकाच्या बरोबर खाली. पंधरा फुटांवर. ग्लेन पाठीवर पडलेला, वर पाहतोय. वरच्या काळ्या पेटीतून बाप पाहत असणार हे त्याला माहीत. आणि त्याच्या डोळ्यांदेखत वरचा पत्रा सरकला, जुना आकडा गेला, नवा आला. सावकाश, नीट, सरळ. पेटीतून कुणी उतरलं नाही. स्ट्रेचर आला, ग्लेनला नेलं, दोन टोल्यांनी आकडा पुन्हा बदलला.

इस्पितळात ग्लेनने विचारलं, "तुम्ही पाहिलंत?"

आणि एकोणतीस वर्षांची सवय अर्विनच्या तोंडातून अर्विनच्या आधी बोलली. "पाहिलं."

त्यानंतर ग्लेन खेळला नाही. शाळेची बस चालवतो, गिअर नसलेली, कारण डावा पाय वाकत नाही. दर रविवारी आईकडे जेवायला येतो. बापाशी बोलतो ते आईमार्फत. "आई, त्यांना मीठ इकडे द्यायला सांग." मीठ बापाच्या कोपराशी, बापाचा हात मिठावर, आणि तरी निरोप आईच्या हातून फिरून यायचा. वीस वर्षं होत आली. अर्विनला एक वाक्य बोलायचं होतं: मी पाहिलं नाही, पोरा, मला दिसतच नव्हतं. पण ते वाक्य बोललं की जेबेझचा ट्राय गेला, क्लबातली खुर्ची गेली, आणि मेव्हिस काय करील ते देवालाही सांगता आलं नसतं. रोज उद्यावर टाकलेलं वाक्य वीस वर्षांत इतकं जड होतं की उचलत नाही.

दोन हजार चार साली जुनं मैदान विकलं गेलं. गावाबाहेर नवं मैदान झालं, आणि त्याच्या फाटकावर लोखंडात नावं कोरायची ठरली. तेराच नावं. फाटकाच्या कमानीवर जागाच तेवढी. आमच्या क्लबचे अध्यक्ष सेल्विन बूथ, तेच ते खाटीक, पोटावर हात फिरवत म्हणाले, "या जूनचा सामना कागदी नाही. जो जिंकेल त्याचा संघ फाटकावर. आणि अर्विन, यंदा बरोबरी नाही हां. बरोबरी दिलीस तर तुला घरी पाठवतो, मेव्हिसला इथे ठेवतो."

"घेऊन टाक," अर्विन म्हणाला. पण रंग उतरला होता.

जूनचा पहिला रविवार आला. क्लबात पाय ठेवायला जागा नाही. मेव्हिस खिडकीपाशी विणकाम घेऊन बसलेली, एरवी ती या दिवशी कधी येत नसे. आणि सामना सुरू होण्याआधी पाच मिनिटं दार उघडून ग्लेन आत आला. वीस वर्षांत पहिल्यांदा. दाराजवळच्या बाकावर बसला, ताठ पाय समोर पसरून, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ओलांडून जावं लागावं.

"या साहेब," सेल्विन म्हणाले. "स्वतःलाच जिंकवायला आलात?"

"बस बाहेर लावलीय. परत जाणाऱ्यांना सोडीन. हरणाऱ्यांना फुकट."

लोक हसले. अर्विनने मान वर केली नाही.

सामना रंगला, यात शंका नाही. पहिल्या अर्ध्या भागात जुने नियम, त्यामुळे तांबड्या चकत्यांनी बॉल धरून ठेवला आणि पांढऱ्यांचा जीव काढला. दोन वेळा अर्विनला विचारलं, एकदा त्याने या बाजूला दिलं, एकदा त्या. मध्यंतराला छप्पन्न नऊ, चौऱ्याऐंशी सहा. दुसऱ्या भागात नियम बदलले, पांढऱ्या चकत्या धावू लागल्या, पण म्हातारेही ऐकेनात. प्रत्येकी एकेक ट्राय, नव्या नियमाने चार गुणांचा. तेरा विरुद्ध दहा. आणि शेवटच्या मिनिटाला, देवाला चेष्टा करायची हौस असते तशी, बॉल आला डाव्या कडेला ग्लेनच्या चकतीकडे. समोर मोकळं मैदान, आणि आडवा धावत येणारा एकच माणूस. जेबेझ. ट्राय झाला तर चौदा-तेरा, चौऱ्याऐंशी फाटकावर. जेबेझने गाठलं तर छप्पन्न.

"कुठल्या कोपऱ्यात?" मागून कुणीतरी विचारलं.

"ईशान्य," सेल्विन म्हणाले, आणि मग त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घसा खाकरला.

"जेबेझला बाहेरून कधी कुणी चुकवलं नाही," तांबड्यांकडचा एक म्हातारा म्हणाला. "अर्विननेच सांगितलंय."

"ग्लेन आत वळला असता. सावलीसुद्धा चुकली असती. तेही अर्विननेच सांगितलंय."

सगळे वळले. सेल्विनच्या हातात चकती, अधांतरी. मेव्हिसच्या सुया थांबलेल्या. ग्लेन बाकावर, बापाकडे पाहत.

अर्विनने ग्लास खाली ठेवला. डोळे मात्र मिटले नाहीत.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी पाहिलेलं नाही. जेबेझला नाही, ग्लेनलाही नाही. पेटीला फट नव्हती."

मग असा हशा उसळला की बारवरचे ग्लास हलले. सेल्विन टेबलाला धरून वाकले. "अरे, छत्तीस वर्षं वर बसून हा म्हणतो पाहिलं नाही. वा रे पठ्ठ्या. सासऱ्याला वाचवायला काय काय करशील?"

"मी खरं सांगतोय."

"खरंच सांगणार तू. दिसत नसतं तर आकडे कसे बदलायचास? वासावरून?"

"घंटीवरून."

त्यावर तर काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्विन उठून उभा राहिला. मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच तो त्या क्लबात उभं राहून बोलला. खिडकीकडे वळला.

"मेव्हिस, सांग यांना. जन्मभर सांगू का, सांगू का करत आलीस. सांग आता."

आणि इथे, मंडळी, मला त्या बाईची कीव आली. कारण तिच्याकडे पाहताच दिसलं की तीही आत आहे. अर्विनने पाहिलं नसेल तर तिच्या बापाचा तो ट्राय कुणी पाहिला? नाकातून रक्त गळताना जेबेझ ज्या गोष्टीने हसला, ती कुणाची गोष्ट? जन्मभर ज्या कडीचा तिने धाक घातला, ती उघडली असती तर आधी तिचंच घर उघडं पडलं असतं.

"काय सांगू?" ती म्हणाली, आणि सुया पुन्हा चालू लागल्या. "सगळं पाहिलंय त्याने. लाजतोय."

मग अर्विनने माझ्याकडे पाहिलं.

आता हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो. मैदानाच्या किल्ल्या नव्वदनंतर माझ्याकडे आल्या होत्या. एक्क्याण्णव साली मी जुने पत्रे आणायला त्या पेटीत गेलो होतो आणि आतल्या फळ्या या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. गावातली कुठलीही गोष्ट मी दोन दिवस पोटात ठेवली नाही. ही एकच तेरा वर्षं ठेवली. का? अर्विन बोलायला लागला की लोक बिअर मागवायचे. म्हणून त्या दिवशी मी एक पुसलेला ग्लास पुन्हा पुसला. तोंडात मिठाची गुळणी.

"निकाल, अर्विन," सेल्विन म्हणाले. "हो की नाही?"

तेव्हा बाकावरून आवाज आला. "तुम्ही मला म्हणाला होतात, पाहिलं म्हणून."

वीस वर्षांत ग्लेन बापाशी थेट बोलला ते हे वाक्य.

"म्हणालो होतो," अर्विन म्हणाला. "ऐकलं होतं फक्त."

"काय ऐकलंत?"

अर्विन टेबलाला धरून उभा होता. हळूच बोलू लागला, पण ऐकू सगळ्यांना आलं. "तुझी पावलं. मी तुझी पावलं ओळखायचो, शेवटच्या दोन ढांगा लांब असायच्या. त्यातली एक आली. दुसरी आली नाही. मग ओली फांदी मोडावी तसा आवाज. मग तू ओरडलास. सहा वर्षांचा असताना कुंपणावरून पडलास तेव्हा ओरडला होतास, तसाच. मी दारावर लाथा मारल्या. कडी बाहेरून होती. ट्राय झाला म्हणून लोक बोंबलत होते. कुणाला ऐकू येणार?"

"आकडा बदललात तुम्ही."

"घंटी वाजली."

"माझा गुडघा मोडल्यावर तुम्ही आकडा बदललात."

"घंटी वाजली, पोरा. हात गेला. तो आकडा सोडून मला दुसरं काही बाहेर पाठवता येत नव्हतं."

कुणी हसलं नाही. पण कुणी विश्वासही ठेवला नाही, हे मी शपथेवर सांगतो, कारण मी चेहरे पाहत होतो. चेहऱ्यांवर एवढंच होतं की म्हातारा पोराच्या दुःखाने हलला बिचारा. विश्वास ठेवायचा म्हणजे वीस वर्षांचे जूनचे रविवार गेले, जेबेझ गेला, सावली चुकवणारा ग्लेन गेला, उरल्या बिअरच्या चकत्या. एवढं मोठं नुकसान भर दुपारी सोसायला कोण तयार होतं?

सेल्विननी घसा पुन्हा खाकरला. "त्या कोपऱ्याबद्दल साक्षीदाराला विचारायला नको होतं. चूक माझी. हात वर करा."

हात वर झाले. छप्पन्न जिंकलं, सात मतांनी. जेबेझ थ्यूलिस आणि मंडळी फाटकावर. लगोलग दुसरा ठराव, अर्विन हेग यांना तहहयात साक्षीदार नेमावं, एकमताने मंजूर. अर्विनला खुर्चीत बसवून हातात ग्लास दिला. टाळ्या झाल्या. तो मधोमध बसला होता, सगळ्या बाजूंनी माणसं, आणि मला ती पेटी आठवली.

ग्लेन कधी उठून गेला ते कळलं नाही. हरणाऱ्यांना बसने फुकट सोडायचं तो विसरला.

सोमवारी सकाळी शाळेची फेरी आटोपून तो माझ्या दारात उभा. "जुन्या मैदानाची किल्ली."

"गुरुवारी पाडताहेत," मी म्हटलं.

"म्हणूनच."

मी बरोबर गेलो. अशा वेळी मी घरी बसलो असतो तर मी मी नसतो. गवत गुडघाभर वाढलं होतं. ग्लेनने शिडी धरली आणि एकेक पायरी चढला, उजवा पाय आधी, मग ताठ डावा ओढून वर. सोळा पायऱ्या. आत शिरला. दार ओढून घेतलं.

"कडी लाव," आतून म्हणाला.

"वेडा की काय?"

"लाव रे."

मी वर चढून कडी लावली, खाली येऊन शिडीच्या पायथ्याशी उभा राहिलो. वारा होता, बाकी काही नाही. मी घड्याळ लावलं, सवय. नवव्या मिनिटाला दारावर थाप ऐकू आली. पहिली थाप होती की पाचवी, सांगता येत नाही. रिकामं मैदान, खाली एकटा मी, लक्ष देऊन उभा, आणि तरी ती इतकीशी आली. मी कडी काढली.

खाली उतरल्यावर तो म्हणाला, "तुला माहीत होतं."

"एक्क्याण्णवपासून."

"काल बोलला नाहीस."

"नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं मारतो आता, आणि मारलं असतं तर मी तक्रार केली नसती. त्याऐवजी त्याने खिशातून नाणं काढलं, पुन्हा सोळा पायऱ्या चढला, नाण्याने कडीचे स्क्रू फिरवून फिरवून काढले आणि कडी खिशात टाकून उतरला. मला घरी सोडलं नाही. चालत गेलो.

पुढचं मला मेव्हिसने सांगितलं, पोस्टाच्या रांगेत, कुणालाही सांगू नकोस म्हणून. रविवारी ग्लेन जेवायला आला. खिशातून ती गंजकी कडी काढून बापाच्या ताटाशेजारी ठेवली, जिथे चमचा ठेवतात तिथे. बटाटे वाढले. मग ग्लेन म्हणाला, "बाबा, मीठ द्या."

अर्विनने मीठ दिलं. मेव्हिस म्हणे उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली. "सांगू का" त्या दिवसापासून बंद झालं, आणि तिला काय म्हणायचं ते सुचत नाही, असं ती मला म्हणाली. अर्विनने कांदे उपटले नाहीत, पण एका कडेला दोन गुलाब लावलेत.

जूनचा रविवार मात्र सुटला नाही. तहहयात म्हणजे तहहयात. फाटक होऊन गेलं तरी सामना होतोच, आणि वाद अडला की सगळे अर्विनकडे वळतात. तो दर वेळी डोळे उघडे ठेवून सांगतो, "मी पाहिलेलं नाही." लोक वर्षभर त्याची वाट पाहतात. शेजारी ग्लेन बसतो, पाय पसरून.

"खरंच पाहिलेलं नाही त्यांनी," तो म्हणतो. "मी आत जाऊन आलोय."

यावर लोक आणखीच हसतात, आणि सेल्विन डोळे पुसत म्हणतात, "बापाचंच पोर."